सूचना : रविवारची बैठक, विषय भावेश भाटिया

सर्व सभासदांस नमस्कार,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता फोंड्याला नेहमीच्या जागी बैठक आहे. यावेळी भावेश भाटिया यांच्या आयुष्याविषयी बोलू. तरुणपणी डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. मुंबईत 'नॅब' या दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेत ते मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरला हातगाडीवर विकल्या आणि १९९४ मध्ये 'सनराइज कँडल्स' सुरू केली. पुढे दृष्टिहीनांनाच शिकवून कामाला घेतलं. विक्रीत पत्नी नीता यांची साथ होती. मैदानी खेळांतही त्यांनी नाव कमावलं. 'बिचारा' हा सूर मात्र कृपया घरी ठेवून यावं. आपण एका व्यापाऱ्याविषयी बोलणार आहोत. फेस्तात (चर्चच्या जत्रेत) मेणबत्त्या विकणाऱ्या सभासदांनी तर यावंच, भांडवल नसताना माल कसा उभा केला हे त्यांच्याच कामाचं आहे.

दुकानदारांनी १००, २०० आणि ५०० च्या नव्या नोटा सोबत आणाव्यात. दृष्टिहीनांना बोटांनी ओळखता यावं म्हणून १०० वर उठावदार त्रिकोण आणि कडेला ४ तिरक्या रेषा, ५०० वर वर्तुळ आणि ५ रेषा असतात. डोळे मिटून ओळखून पाहू. (जुनी, मळकी नोट नको, तिचा उठाव गेलेला असतो.) रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲपही मोबाइलवर घेऊन या, ते नोटेची रक्कम बोलून सांगतं.

पांढरी काठी घेऊन येणाऱ्या सभासदांसाठी जिना मोकळा राहावा म्हणून चपला पायऱ्यांवर काढू नयेत, स्कूटर दाराशी लावू नये. वर्गणी राहिली असल्यास त्याच दिवशी द्यावी.

आपला,
चिटणीस