तुमच्याच बॅकअपने तयार केलेल्या, पण डिलीट न होणाऱ्या फाइलींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 2 टीबी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि तिच्यासोबत आलेल्या बॅकअप सॉफ्टवेअरबाबत

महोदय,

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कार्ड, पावतीपुस्तकं, अधूनमधून एखादं छोटं पुस्तक, अशी कामं करतो. दुकान एकट्याच्या जिवावर चालतं आणि घरही त्यावरच. फेब्रुवारीत मी तुमच्या कंपनीची 2 टीबीची डिस्क घेतली. खोक्यावर लिहिलं होतं, "एकदा लावा आणि निश्चिंत राहा." मी लावली आणि निश्चिंत राहिलो.

सॉफ्टवेअरने विचारलं, कशाचा बॅकअप घ्यायचा? आधीपासूनच खूण केलेला पर्याय होता, "संपूर्ण संगणक". मी तोच ठेवला. दर रविवारी रात्री नवा बॅकअप घ्यायचा आणि जुना काढून टाकायचा, हेही त्यातच ठरलेलं होतं. पण "संपूर्ण संगणक" म्हणताना तुमच्या सॉफ्टवेअरने त्याला जोडलेली तुमचीच डिस्कसुद्धा धरली. दुसऱ्या रविवारच्या बॅकअपमध्ये पहिला आला, तिसऱ्यात दुसरा आणि त्याच्या पोटात पहिला. माझं सगळं काम मिळून 38 जीबी आहे. नवव्या रविवारी डिस्क भरल्याचा निरोप आला. तेव्हा लग्नसराई भरात होती, सखाराम महाराजांच्या यात्रेची कामंही सुरू झाली होती आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारत होतं, "भाऊ, पत्रिका कव्हय भेटी?"

जुने फोल्डर डिलीट करायला गेलो तर पाथ (म्हणजे फाइलचा संगणकातला पूर्ण पत्ता) फार लांब आहे, नाव लहान करा, असा इंग्रजी संदेश यायचा. तुमच्याच सॉफ्टवेअरमधलं "जुने बॅकअप काढा" हे बटण दाबलं, तर ते थोडा वेळ फिरायचं आणि "फाइल सापडली नाही" म्हणायचं. फाइल समोर दिसत होती.

तुमच्या हेल्पलाइनवर पाच वेळा फोन केला. तिथल्या मुलांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे जे लिहिलेलं असेल तेच ते वाचतात. पहिल्याने सांगितलं, फाइलींची नावं छोटी ठेवत चला. दुसऱ्याने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, लांब पाथची सेटिंग चालू करायला लावली. तिने काही झालं नाही, कारण ती सुविधा विंडोज 10 मध्ये 2016 पासून असली तरी ज्या त्या प्रोग्रामलाही ती मानावी लागते, आणि तुमचा प्रोग्राम मानत नाही. उरलेल्या तिघांनी एकच सांगितलं : फॉरमॅट मारा.

नावं छोटी ठेवा म्हणणाऱ्याला माझं काम ठाऊक नाही. एका हंगामात माझ्याकडे एकाच नावाचे चार-पाच नवरदेव येतात आणि आडनाव बहुतेकांचं पाटील. म्हणून फाइलच्या नावात वर, वधू, दोन्ही गावं, लग्नाची तारीख आणि कितवं प्रूफ, हे सगळं लिहावंच लागतं. एका घरची पत्रिका दुसऱ्या घरी गेली तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. शिवाय ही नावं मी मराठीत लिहितो. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण संगणक त्यांची दहा मोजतो : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व, र. पाथसाठी विंडोजची साधी मर्यादा 260 अक्षरांची, तीही ड्राइव्हचं अक्षर, फोल्डरांची नावं आणि मधल्या तिरप्या रेघांसकट. त्यात मराठी नावांची जागा किती लवकर संपते, हे मराठी मुलखात डिस्क विकणाऱ्यांनी तपासून पाहायला हवं होतं.

ही मर्यादा तुम्ही घातलेली नाही, ती जुनी आहे. पण विंडोजमध्येच तिच्यापलीकडे सुमारे 32 हजार अक्षरांपर्यंत लिहिण्याची वेगळी वाट आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर बॅकअप लिहिताना ती वापरतं, नाहीतर इतके लांब पाथ तयारच झाले नसते. पुसताना मात्र ते साध्या वाटेने जातं आणि 260 पाशी अडकतं. माझी मुख्य तक्रार हीच आहे. तुमच्या फोल्डरचं एकेक नाव मी मोजलं : संगणकाचं नाव, "फुल बॅकअप" हे शब्द, तारीख, तास, मिनिटं, सेकंद, मिळून 46 अक्षरं. पाच-सहा थर झाले की मर्यादा संपली. तिथून पुढे जुना बॅकअप पुरता निघेना आणि डिस्क दर आठवड्याला दुपटीने भरू लागली.

फॉरमॅट का केलं नाही तेही सांगतो. एका निवृत्त गुरुजींचं अहिराणी म्हणींचं 64 पानांचं पुस्तक माझ्याकडे होतं. गुरुजी पंधरा दिवस रोज दुपारी येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. हातात भिंग, दुसरा डोळा मिटलेला. कुठे "से" चं "शे" करायचं, कुठे अनुस्वार काढायचा, एकेक उच्चार तोंडाने म्हणून पाहायचे आणि मगच मला टाइप करू द्यायचे. मार्चच्या सुरुवातीला घाईत माझ्या हातून त्या सुधारलेल्या फाइलवर जुनं प्रूफ सेव्ह झालं. ती चूक माझी, तिचं खापर तुमच्यावर फोडत नाही. पण सुधारलेली प्रत आता फक्त तिसऱ्या रविवारच्या बॅकअपमध्ये उरली होती, म्हणजे सहा फोल्डर खाली. तिथे पोचलो तरी फाइल उघडत नव्हती.

शेवटी धुळ्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या भाच्याने वाट दाखवली. सगळ्यात वरच्या फोल्डरचं लांबलचक नाव खोडून नुसतं "अ" केलं. आत शिरून पुढच्याचं "ब". असं करत सहाव्यापर्यंत गेलो. पाथ आखूड झाला, फाइलवर दोनदा क्लिक केलं आणि पान उघडलं. पहिल्याच ओळीत "शे" दिसला. ती फाइल मी आधी दोन पेन ड्राइव्हवर घेतली, मग पाणी प्यायलो.

मग पुसायचं काम. एक रिकामा फोल्डर बनवायचा आणि विंडोजमधल्याच रोबोकॉपी या आदेशाने, मिर हा स्विच (आदेशापुढे लिहायची खूण) लावून, बॅकअपचा फोल्डर त्या रिकाम्यासारखा करून टाकायचा. रोबोकॉपीला लांब पाथ चालतात, त्यामुळे आतलं सगळं निघून जातं. पण पत्ता लिहिताना एक फोल्डर इकडचा तिकडे झाला तर तोही विचारल्याशिवाय साफ होतो. रात्री अकरा वाजता आदेश लिहायच्या त्या काळ्या खिडकीत मी पत्ता टाइप केला, भाच्याला फोनवर अक्षर न् अक्षर तीनदा वाचून दाखवला आणि मगच एंटर दाबलं. ओळी पळत राहिल्या. मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टरवर चाललं. अडीच वाजता डिस्क रिकामी झाली.

जी वाट शिकणाऱ्या मुलाला ठाऊक आहे, ती तुमच्या हेल्पलाइनच्या कागदावर का नाही? फॉरमॅट मारा असं ऐकून कितीतरी जणांनी मारलंही असेल. स्टुडिओवाल्याकडे लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ असतात, वकिलाकडे दावे असतात. फॉरमॅट हा शब्द उच्चारण्याआधी "आत काही हवं आहे का" एवढं तरी विचारायला सांगा.

तेव्हा माझं म्हणणं असं. सॉफ्टवेअरने स्वतःची डिस्क बॅकअपमधून आपोआप वगळली पाहिजे, आणि त्याने जे लिहिलं ते, पाथ कितीही लांब असो, त्यालाच पुसता आलं पाहिजे. तसा अपडेट कधी देणार, ते लेखी कळवा. नाव आखूड करण्याची आणि रोबोकॉपीची रीत, तिच्या धोक्यासकट, मराठीत लिहून तुमच्या ग्राहकांना द्या. माझ्या डिस्कची पूर्ण किंमत परत करा, कारण ज्या कामासाठी ती घेतली ते काम आता तिच्या भरवशावर मी करणार नाही. दुकान बंद राहिलेल्या तीन दिवसांची भरपाई किती द्यावी, हे आधी तुम्हीच सांगा.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मला माझ्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही त्यात ग्राहकच धरला आहे.

सोबत बिलाची झेरॉक्स, स्क्रीनचे सात फोटो आणि पाचही कॉलच्या तारखा-वेळा जोडल्या आहेत. गुरुजींचं पुस्तक याच आठवड्यात छापायला जात आहे, त्यामुळे फोन करायचा असेल तर दुपारी तीननंतर करावा.

आपला ग्राहक,
डीटीपी व्यावसायिक,
अमळनेर, जि. जळगाव