कॅल्क्युलेटरवर झालेला करार

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : विक्रीच्या नोकरीत कमिशनच्या अटी कामाच्या पहिल्या दिवशी लेखी मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सतरा वर्षांपूर्वी माझी विक्रीतली पहिली नोकरी ठरली ती एका कॅल्क्युलेटरवर. समोरच्या मॅनेजरने आधी पगाराचा आकडा दाबला, मग टार्गेटचा, त्यावर टक्के मारले, बेरीज केली आणि कॅल्क्युलेटर टेबलावरून माझ्याकडे फिरवला. "एवढे महिन्याला घरी नेशील. झाले तर जास्तच, कमी नाही." तो आकडा मला अजून पाठ आहे, कारण तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता. बोलता बोलता कॅल्क्युलेटर आपोआप बंद झाला. "सोमवारपासून ये. लेटर मागून येईल, एचआरकडे फाइल गेलीये."

त्याच टेबलावर मी मात्र चार कागदांवर सह्या केल्या. सॅम्पलची बॅग मिळाल्याची पोच. बॅग हरवली तर पगारातून कापून घ्यायला संमती. बँकेच्या तपशिलाचा फॉर्म. आणि 'कंपनीची सर्व धोरणे मला मान्य आहेत' असे छापलेला एक कागद. ती धोरणे कुठे वाचायला मिळतील, हे विचारायचे मला सुचले नाही. वर मूळ गुणपत्रिका 'व्हेरिफिकेशनसाठी' ठेवून घेतली, ती सात महिन्यांनी परत मिळाली. त्या दिवशी बाहेर पडलो तेव्हा त्यांच्याकडे माझे पाच कागद होते आणि माझ्याकडे त्यांचा एकही नव्हता.

लेटर मागून आले नाही. पहिल्या महिन्यात साहेब टूरवर होते, दुसऱ्यात फॉरमॅट बदलत होता, तिसऱ्यात "आधी प्रोबेशन तर संपू दे" असे उत्तर मिळाले. तुम्ही म्हणाल, नेटाने मागायचे. महोदय, नवा माणूस दोनदा मागतो. तिसऱ्यांदा मागितले की 'याचा आपल्यावर विश्वास नाही' असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का बसलेल्याला बरा एरिया मिळत नाही. विक्रीत एरिया हाच अर्धा पगार असतो. त्यामुळे माणूस गप्प बसतो आणि डीलरच्या दारात जाऊन दुसऱ्यांना मात्र "सगळे लेखी देतो, काळजी करू नका" असे सांगत फिरतो. या विनोदावर आम्ही आपापसात बरेच हसलो आहोत.

तिसऱ्या महिन्यात माझे टार्गेट १०४ टक्के झाले. इन्सेंटिव्हच्या, म्हणजे कमिशनच्या, शीटवर माझ्या नावापुढे शून्य होते. मी विचारले, तर उत्तर आले, "अरे, बिलिंगवर नाही, कलेक्शनवर. डीलरचे पैसे जमा होतील तेव्हा धरतात." बरे. पुढच्या महिन्यात पैसे जमा झाले. तोपर्यंत थोडा माल परत आला होता, तो वजा झाला आणि मी १०० टक्क्यांच्या खाली, म्हणजे खालच्या स्लॅबमध्ये, कमी कमिशनच्या टप्प्यात, घसरलो. तेही बरे. सातव्या महिन्यात मी राजीनामा दिला, तेव्हा तिमाहीचा इन्सेंटिव्ह फक्त 'रोलवर असलेल्यांनाच', म्हणजे नोकरीत टिकून असलेल्यांनाच, मिळतो, हे कळले. शिवाय नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे, हेही त्याच दिवशी कळले. न भरलेल्या दिवसांचा पगार फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, कापला.

यातली एकही अट मुळात अन्यायाची होती, असे मी म्हणत नाही. कलेक्शनवर कमिशन देणे ही धंद्यातली जुनी रीत आहे. माल खपवून पैसे न आणणारा विक्रेता कुणाला परवडेल? परत आलेला माल वजा करणेही समजू शकते. माझी तक्रार एवढीच, की प्रत्येक अट मला ती लागू झाल्यानंतर कळली. तो मॅनेजर खोटे बोलला, असेही मी आज ठामपणे म्हणणार नाही. त्यालाही वरून कुणीतरी कॅल्क्युलेटरच दाखवला असेल.

आता कायद्याकडे येतो. तोंडी ठरलेल्या गोष्टीला कायद्यात अर्थ नाही, असे आमच्या लाइनमध्ये सर्रास मानतात. ते चूक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याला तोंडी करारही चालतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. मी म्हणणार दोन टक्के बिलिंगवर, कंपनी म्हणणार एक टक्का कलेक्शनवर, आणि कॅल्क्युलेटर केव्हाच बंद झालेला. हल्ली पोरांकडे निदान व्हॉट्सॲप असते. पण तिथेही "सर, स्लॅब तोच ना?" या प्रश्नाला साहेबांचा अंगठा येतो. त्या अंगठ्याचा अर्थ कोर्टात कोण आणि कसा लावणार?

विक्री प्रतिनिधींना नेमणूकपत्र द्या, हे आपल्याकडे आज सुचलेले नाही. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हाच नेमणूक होताच ठरलेल्या नमुन्यात पत्र द्यावे, असे त्यात लिहिले गेले. पुढे २०११ मध्ये आणखी काही उद्योग त्याखाली आले. न देणाऱ्याला दंड होता एक हजार रुपयांपर्यंत. १९७६ मध्ये तो आकडा काही वजनाचा असेल. दंडाचा आकडा तिथेच राहिला आणि कायदा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिच्या कलम ६ मध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ज्यांना आधी मिळाले नव्हते त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यावे, असेही तिथेच म्हटले आहे. हे वाचून मला खरोखर आनंद झाला. कुठल्या एका उद्योगापुरते नाही, सगळ्यांसाठी. मग मी वेतन संहिता, २०१९ वाचायला घेतली आणि तिथे अडखळलो.

त्या संहितेत 'वेतन' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात काय धरायचे नाही याची यादी आहे आणि त्या यादीत कर्मचाऱ्याला देय असलेले कमिशन आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा, अशी सोय केली आहे, ती चांगलीच आहे. पण ज्याचे कमिशन निम्म्याच्या आत बसते, त्याला तिचा उपयोग नाही. हे केवळ शब्दांचे भांडण वाटेल. तसे ते नाही. नोकरी सोडणाऱ्याचे किंवा काढून टाकलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असे कलम १७ सांगते. तिथला शब्द 'वेतन' आहे. म्हणजे राजीनामा दिल्यावर माझा मूळ पगार दोन दिवसांत यायला हवा, आणि ज्याच्यासाठी मी उन्हातान्हात फिरलो ते कमिशन कधी यावे, याला मुदत कुठली, हे मला त्या कलमात सापडत नाही. ते कळायचे तर एकच जागा उरते, ती म्हणजे नेमणूकपत्र. आणि नेमणूकपत्रात कमिशनबद्दल असते एक वाक्य : 'कंपनीच्या त्या त्या वेळच्या धोरणानुसार इन्सेंटिव्ह देय राहील.'

ही ओळ मी पुढच्या तीन नोकऱ्यांच्या पत्रांत जवळपास शब्दशः वाचली. 'त्या त्या वेळच्या' हे शब्द ज्याने प्रथम लिहिले, तो माणूस हुशार असला पाहिजे. त्यामुळे महिन्याच्या २८ तारखेला नवी शीट येते आणि ती त्याच महिन्याच्या १ तारखेपासून लागू होते.

याच वेतन संहितेत एक फार चांगले कलम आहे, ५९ क्रमांकाचे. पैसे न मिळाल्याचा दावा दाखल झाला, तर ते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची, कामगाराची नाही. दावा करायला तीन वर्षांची मुदतही आहे. पण आमचे भांडण सहसा 'दिले की नाही' या पायरीपर्यंत पोचतच नाही. ते 'ठरले काय होते' या पायरीवरच अडते.

ती पायरी अमेरिकेतल्या दोन राज्यांनी कशी ओलांडली, ते सांगतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१३ पासून, ज्या नोकरीत कमिशन आहे तिचा करार लेखी हवा. कमिशन कसे मोजायचे आणि कसे द्यायचे ते त्यात लिहायचे, सही केलेली प्रत कर्मचाऱ्याला द्यायची आणि ती मिळाल्याची पोच घ्यायची. न्यूयॉर्क राज्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. तिथल्या कामगार आयुक्तांनी मागितल्यावर मालकाला कमिशनच्या लेखी अटी दाखवता आल्या नाहीत, तर विक्रेता सांगेल त्याच अटी ठरल्या होत्या, असे गृहीत धरले जाते. खोडून काढायचे तर मालकाने खोडावे. हे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. या एका नियमाने लेटर 'मागून' येणे बंद होईल, कारण ते उशिरा देण्यात तोटा कुणाचा, तेच उलटून जाते.

आपल्या अधिकारात काय आहे, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो. नेमणूकपत्रात कोणती माहिती असावी आणि त्याचा नमुना काय असावा, हे ठरवण्याचे काम संहितेने समुचित सरकारवर सोपवले आहे, आणि राज्यातल्या बहुतेक खासगी आस्थापनांसाठी ते सरकार म्हणजे आपण. नमुन्यात विक्रीच्या कामासाठी एक वेगळा रकाना घाला. कमिशन बिलिंगवर की कलेक्शनवर. परत आलेला माल कोणत्या महिन्यातून वजा होणार. नोकरी सोडणाऱ्याने आधीच केलेल्या विक्रीचे कमिशन त्याला मिळणार की नाही आणि किती दिवसांत. अर्धे पानही भरणार नाही. टार्गेट आणि स्लॅब बदलायला कंपनीला मोकळीक हवीच, बाजार कुणाच्या सांगण्याने चालत नाही. फक्त बदल पुढच्या महिन्यापासून व्हावा, मागच्या तारखेपासून नको. 'धोरणानुसार' असे लिहिले असेल, तर ते धोरण पत्राला जोडलेले असावे. न्यूयॉर्कसारखे गृहीतक नियमात बसत नसेल, तर त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि तो विषय आपण केंद्राकडे नेऊ शकता.

आणखी एक. सुरक्षा संहितेतल्या 'आस्थापना'च्या व्याख्येला साधारणपणे किमान दहा कामगारांची अट आहे. चार-पाच पोरे ठेवून माल खपवणारे डीलर, एजन्सीवाले त्या आकड्याच्या खाली राहतात, आणि या लाइनमधली बरीच पहिली नोकरी तिथेच होते.

आता थोडे माझ्याबद्दल, नाहीतर हे पत्र लबाडीचे होईल. गेली सहा वर्षे मी स्वतः टीम सांभाळतो. "लेटर मागून येईल" हे वाक्य मीही बोललो आहे, एकदा नाही, अनेकदा. वरून हेडकाउंटची, म्हणजे नवा माणूस घेण्याची, मंजुरी आलेली नसते, एरिया रिकामा पडलेला असतो, महिना संपत आलेला असतो आणि समोर काम करायला तयार असलेला मुलगा बसलेला असतो. अशा वेळी ते वाक्य तोंडातून कसे निघते, ते मला माहीत आहे. त्यात दुष्टपणा नसतो, घाई असते. एका मुलीला मी असेच घेतले. चौथ्या महिन्यात तिने मला विचारले, "सर, तुम्ही सोडून गेलात तर माझे काय ठरले होते, हे कुणाला माहीत आहे?" कुणालाच नव्हते.

गेल्या सोमवारी माझ्याकडे दोन नवी मुले आली. त्यांची पत्रे अजून एचआरकडे आहेत. मी एका साध्या कागदावर पगार, टार्गेट, स्लॅब, 'कमिशन कलेक्शनवर', 'परत माल त्याच तिमाहीत वजा', 'नोटीस एक महिना' असे हाताने लिहिले, तारीख घातली, सही केली आणि दोघांना एकेक प्रत दिली. कंपनीने मला तसा अधिकार दिलेला नाही. त्यातल्या एकाने कागद घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवला.

उद्या मला काढले किंवा मी गेलो, आणि त्या मुलाने तो कागद आपल्या कामगार अधिकाऱ्यांपुढे ठेवला, तर ते तो कंपनीचा शब्द म्हणून धरतील की माझा खासगी? याचे उत्तर आपल्या कार्यालयाकडून लेखी मिळावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक विक्री प्रतिनिधी