मार्चच्या परिषदेत आपली ज्वारी

मॅनहॅटन, कॅन्सस
डिसेंबर अखेर

ती. अण्णांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

आई, शेंगाचटणी पोचली. निम्मी मैत्रिणींनीच संपवली.

अण्णा, "किड्यांची कसली बैठक भरवताय?" असं तुम्ही परवा विचारलंत, तेव्हा फोनवर धड सांगता आलं नाही. इथल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या प्रांतवार शाखा आहेत. आमची उत्तर-मध्य शाखा म्हणजे मका, सोयाबीन, ज्वारीचा पट्टा. परिषद मार्चमध्ये घ्यायची, कारण पुढे पेरण्या लागल्या की कुणी शेत सोडत नाही. यंदा तयारीच्या समितीत विद्यार्थ्यांतर्फे मी आहे.

बैठकीत निम्मा वेळ हॉटेलच्या खोल्या आणि चहापाण्याचा खर्च, अगदी लग्नाच्या बोलण्यांसारखं. खरी ओढाताण वेळापत्रकावर. भाषणं एकाच वेळी तीन-चार दालनांत चालतात. ज्वारीचं सत्र शेवटच्या दुपारी ढकललं होतं. तोवर मंडळी बॅगा भरून निघालेली असतात. मी हटून बसले आणि ते आदल्या सकाळी घेतलं.

हटून बसण्याचं कारण चिकटा, म्हणजे मावा ही रस शोषणारी बारीक कीड पानांवर सोडते तो चिकट पाझर! आपल्या माव्याचाच भाऊबंद २०१३ मध्ये टेक्सास-लुईझियानात ज्वारीवर भडकला आणि पुढच्या वर्षी कॅन्ससमध्ये आला. पंख फुटलेला मावा दक्षिणेच्या वाऱ्यावर वर सरकतो. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच, त्यामुळे लोक हबकले. आपल्याकडे चिकट्यावर काजळी धरून कडबा काळा पडतो, भाव उतरतो. इथे कडब्याचं कुणाला काही नाही, पण चिकट पानं-ताटं कापणीयंत्रात अडकून यंत्रच बंद पडतं. कीड एकाच जातकुळीची, पण मंगळवेढ्याचा शेतकरी कडब्यासाठी रडतो हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक. मला ते दाखवायचंय.

तेव्हा एक काम करा. आपल्या मालदांडी ज्वारीची खालची पानं उलटून बघा. फिकट पिवळा मावा शिरेलगत दाटीनं बसलेला असेल. तिथेच मावा खाणारे ढालकिडे आहेत का, आणि केसासारख्या बारीक देठावर उभी क्रायसोपा या दुसऱ्या मावाखाऊ किड्याची अंडी दिसतात का, तेही बघा. ती असतील तर फवारणीची घाई नको. औषधाच्या दुकानात सांगतात म्हणून पंप पाठीवर घ्यायचा, हे मला कधीच पटलं नाही. आधी मावा मारणारे मित्रकिडेच मरतात.

दादाला मोबाईलवर फोटो काढायला सांगा: पानाची मागची बाजू, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. काळ्या कडब्याचाही एक. पण मावा डबीत भरून पाठवू नका हं! परवान्याशिवाय जिवंत कीड या देशात आणता येत नाही, आणि आमच्याच परिषदेत माझी शोभा होईल.

फोटो संक्रांतीच्या आत पाठवा. एकदा सोलापूरची गड्ड्याची यात्रा लागली की दादा कुणाच्या हाती लागत नाही.

तुमची,
धाकटी