पंख्याच्या खोक्यात ठेवलेलं पत्र

बेंगळुरू,
शनिवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

खोकं उघडलंत की सगळ्यात वर हेच पत्र हाताला लागेल. बाबा, कॉम्प्युटरचा हा नवा पंखा लगेच बाहेर काढू नका. त्याच्या खालच्या बाजूला उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी लेपाचे तीन पट्टे आहेत, त्यांना बोट लागता कामा नये. आधी दोघं निवांत बसून हे वाचा. आई, तू मोठ्यानं वाच.

फोनवर सांगता आलं असतं, पण हे काम दोन्ही हातांचं आहे आणि फोन धरायला तिसरा हात नाही. शिवाय कागद समोर असला की थांबता येतं, मागची ओळ पुन्हा वाचता येते. तुम्ही मला सायकलची चेन बसवायला अशीच शिकवली होती, बाबा. पाटीवर आकृती काढून.

गेल्या रविवारी फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "राहू दे आता. दुकानवाला म्हणतो यात काही राम नाही, भंगारात द्या." तुमचा तो आवाज आठवडाभर माझ्या कानात आहे. मला दुकानवाल्याचं म्हणणं पटलेलं नाही. आपलं यंत्र संपलेलं नाही. त्याचा एक पंखा गेलाय, साडेतीनशे रुपयांचा. एवढ्या खात्रीनं का म्हणते ते सांगते.

दिवाळीच्या आधी सकाळी कॉम्प्युटर लावला की घरघर यायची, आठवतं? पाच-दहा मिनिटांनी कमी व्हायची. मग एक दिवस ती थांबली, आणि आई तू म्हणालीस, "बरं झालं बाई, गप्प झाला एकदाचा." आपल्या सगळ्यांनाच बरं वाटलं. खरं तर त्या दिवशी पंखा अडकला होता. पंख्याच्या मधल्या बेअरिंगमध्ये थोडंसं तेल असतं, वर्षानुवर्षं गरम होऊन ते सुकतं, मग दांडा घासायला लागतो. घरघर ती घासण्याची होती. त्यानंतरच बाबांना मशीन हळू वाटायला लागलं. व्हायरस असेल असं आपण धरून चाललो. तो व्हायरस नव्हता. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढत राहिली की सगळं बंद करून टाकतो. जळू नये म्हणून. मध्येच फाट्कन बंद पडायचं ते यामुळे.

आणखी एक खूण तुम्हीच सांगितलीत, बाबा, तुमच्या लक्षातही आलं नसेल. पहाटे गारठ्यात वीस मिनिटं चालतो, दुपारी आठ मिनिटांत बंद पडतो, आणि लगेच चालू केला तर दोन मिनिटंही टिकत नाही. एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, गेला असता तर सहसा असा थंडी-उन्हाचा हिशेब लागला नसता. हा हिशेब उष्णतेचाच.

आणि मग त्या दिवशी आईनं कॅबिनेटचा पत्रा काढून मोबाइल आत धरला. पंखा पाव फेरा फिरला, थरथरला आणि थांबला. बाबा बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या, पडद्यावरचे आकडे वाचत होते, तापाचा थर्मामीटर वाचावा तसे: 71, 74, 79, 83. पंख्याच्या फेऱ्यांपुढे शून्य. ते ऐकल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

आपला प्रोसेसर आय-थ्री 2100 आहे. पूर्ण काम करताना तो 65 वॅटपर्यंत उष्णता सोडतो. देवघरात पूर्वी साठचा पिवळा बल्ब होता, हात लावला की चटका बसायचा, तेवढी उष्णता पोस्टाच्या तिकिटाहून लहान तुकड्यातून. ती उचलायला वर ॲल्युमिनियमची पात्यापात्यांची हीटसिंक असते, आणि त्या पात्यांमधून हवा ढकलायला पंखा. पंखा थांबला की हीटसिंक म्हणजे नुसता तापत जाणारा तवा.

बाबा, तुम्ही पंख्याचं मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडलात आणि अठरा दिवस तो चालला, ते अगदी बरोबर केलंत. खोबरेल टाकलं नाहीत हे फार चांगलं, थंडीत ते आतच थिजलं असतं. पण झिजलेला दांडा तेलानं भरून येत नाही. म्हणून नवा पंखा.

तो घ्यायला आज सकाळी एस. पी. रोडला गेले होते. दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "775 की 1155?" हे सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचे नंबर. दिसायला दोन्ही पंखे सारखे, पण 775 च्या पायांमधलं अंतर 72 मिलिमीटर असतं आणि 1155 चं 75. तीन मिलिमीटरनं सगळं अडतं. मी लगेच उत्तर देऊ शकले ते तुमच्या पिवळ्या फाईलमुळे. 2012 चं बिल तुम्ही जपून ठेवलंत, त्यावर मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डचा, एच 61 हा नंबर होता, आईनं फोटो पाठवला. म्हणून हा पंखा नक्की बसेल. पंखा हीटसिंकसकट आहे, जुना अख्खा काढून हा अख्खा बसवायचा.

आता कामाचं. सकाळी करा, खिडकीजवळ, जेवणाच्या टेबलावर. खाली वर्तमानपत्र. गोधडी किंवा चादर नको, कापडाच्या घासण्यानं स्थिर वीज तयार होते.

आधी दोन-तीन मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवा म्हणजे जुना लेप मऊ होईल. मग नीट शटडाउन करा, यूपीएसची वायर काढा, मागच्या सगळ्या वायरी काढा. कोणती कुठे होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा. सगळं सुटल्यावर पुढचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत उरलीसुरली वीज असेल ती निघून जाईल. कॅबिनेट आडवं ठेवा आणि आत हात घालण्याआधी त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. हे दर वेळी. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडायची नाही, वायर काढल्यावरही तिच्या आत धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असते.

मग धूळ. आत तुम्हाला पात्यांमध्ये नमद्यासारखा थर दिसेल. 2019 च्या ऑगस्टात गावभागात पाणी शिरलं तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी हे कॅबिनेट गोधडीत गुंडाळून वर नेलं, भांडीकुंडी नंतर. पाण्यापासून ते वाचलं, पण पुरानंतर घरभर महिनोन्‌महिने जी बारीक गाळाची धूळ उडत होती ती आत जाऊन बसली असणार. ती आपण कधी काढली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण मी दर सुट्टीला घरी येत होते आणि माझ्या ते डोक्यात आलं नाही. रंगाचा नवा कोरा ब्रश घ्या आणि हलक्या हातानं झाडा. एसएमपीएसची मागची जाळी बाहेरूनच झाडायची.

जुन्या पंख्याची वायर चार पिनांच्या खोबणीत आहे, शेजारी सीपीयू फॅन असं इंग्रजीत छापलेलं दिसेल. वायरीला नाही, टोकाच्या पांढऱ्या तुकड्याला धरून ओढा. पंख्याच्या चार कोपऱ्यांना चार काळ्या टोप्या आहेत, प्रत्येकीवर बाण कोरलेला आहे. बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवायची आणि वर ओढायची. चारही सुटल्या की हीटसिंक सरळ उपटू नका. आधी डावी-उजवीकडे किंचित फिरवा, आंबोळी उलथण्याआधी कडा सोडवतो तशी, मग उचला.

खाली चकचकीत चौकोन दिसेल, वर वाळलेला लेप. खोक्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणि सुती कापडाचे तुकडे ठेवलेत. कापड ओलं करून मधल्या दिशेनं पुसा, बाजूच्या बोर्डवर पसरू देऊ नका. धातू आरशासारखा दिसला की झालं. पाच मिनिटं वाळू द्या.

आता नवा पंखा. हे काम आईनं करायचं. बाबा, तुम्ही टॉर्च धरा आणि बघत राहा. तुमची बोटं हल्ली थरथरतात हे मला माहीत आहे, आणि इथे अंगठ्याचा चांगला जोर लागतो. आई, ज्या अंगठ्यांनी तू पापडाच्या लाट्या दाबतेस तेवढाच जोर. चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेला टोकापर्यंत फिरवलेल्या आहेत ना, ते आधी बघ. वायर खोबणीपर्यंत पोचेल अशा बेतानं पंखा धर, चारही पाय चार भोकांवर आले की सरळ खाली टेकव. एकदा टेकवला की उचलायचा नाही, लेप बिघडतो. मग एक टोपी दाब, 'टक्' असा आवाज येईल. दुसरी तिच्या शेजारची नाही, तिरकी समोरची. मग उरलेल्या दोन. बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटेल, घाबरू नकोस, तो तेवढं सोसतो. आवाज आला तरी प्रत्येक टोपी हळूच वर ओढून बघ. सुटली तर पाय पूर्ण आत गेलेला नाही. हीटसिंक हलवल्यावर जराही डुगडुगता कामा नये. तीन पाय बसले आणि चौथा अर्धवट राहिला तर एका बाजूला फट पडते आणि सगळी मेहनत वाया जाते. या एका गोष्टीवर वेळ घाला.

बसवताना पट्टे पुसले गेलेच तर घाबरू नका. छोटी ट्यूबही ठेवली आहे. दोन्ही बाजू पुसून प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवायचा. बोटानं पसरवायचा नाही, दाबानं तो आपोआप पसरतो.

वायरीचं टोक त्याच सीपीयू फॅनच्या खोबणीत. एकाच बाजूनं बसतं. चार तारा दिसतील: काळी आणि पिवळी विजेची, हिरवी पंखा किती फिरतोय ते बोर्डला सांगते, निळीवरून बोर्ड पंख्याला वेग कमी-जास्त करायला सांगतो. शेजारी सिस्टीम फॅनची अशीच खोबण आहे, तिच्यात घातलं तर पंखा फिरेल, पण चालू करताना बोर्ड अडून बसेल.

पत्रा उघडाच ठेवून चालू करा आणि डिलीटचं बटण दाबत राहा म्हणजे बायॉस उघडेल. परवा जिथे बघितलं तिथेच बघा. पंख्याचे फेरे मिनिटाला हजाराच्या वर हवेत. तापमान चाळीस ते पंचावन्नच्या मध्ये कुठेतरी स्थिर व्हायला हवं. दहा मिनिटं नुसतं बघत बसा. आकडा चढतच राहिला तर बंद करा, एखादी टोपी नक्की सुटलेली आहे.

पडदा काळाच राहिला आणि सारखी पीं-पीं आली तर हलवाहलवीत रॅम, म्हणजे मेमरीची उभी पट्टी, सैल झाली असणार. ती काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा, ब्रशनं झाडा, दोन्ही बाजूंनी टक् होईपर्यंत बसवा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदला. 2032 नंबरचा, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. 20 म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाड. बाबा, तुम्हाला हे आवडेल म्हणून लिहिलं.

एक गोष्ट मात्र माझी ऐकायची. या यंत्रावर विंडोज 7 आहे, आणि त्याची सुरक्षा-दुरुस्ती 14 जानेवारी 2020 पासून बंद आहे. इंटरनेटची वायर लावायचीच नाही. पेन्शन, बँक, लाइट बिल सगळं मोबाइलवर. हे यंत्र वाचनालयाच्या कामाचं, तेवढंच.

आणि त्याच कामासाठी मला ते वाचवायचं आहे. पुस्तकांची दाखल नोंद तुम्ही श्रीलिपीत टाइप केली आहे. ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसेल तर 'ज्ञानेश्वरी'च्या जागी नुसती चिन्हं उमटतात. दुकानवाल्यानं 'भंगारात द्या' म्हणताना तुमच्या इतक्या वर्षांच्या रात्री कुठे पाहिल्या होत्या? पंखा लागला की पहिल्याच दिवशी तो सगळा फोल्डर आणि फॉन्टचा फोल्डर, दोन्ही, सोबतच्या निळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. संक्रांतीला मी आले की आपण ते युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, बदलू. र्‍ह आणि जोडाक्षरं हातानं तपासावी लागतील, ती तुम्हीच तपासायची. तुमच्याइतकं शुद्धलेखन मला येत नाही.

आई, अल्कोहोलच्या बाटलीचं झाकण लगेच लाव, गॅसजवळ नेऊ नकोस. रिकाम्या जागेत कागदाऐवजी फिल्टर कॉफीची पुडी भरली आहे, म्हणजे पंखाही हलणार नाही.

जुना पंखा टाकू नका, मी आल्यावर उघडून बघणार आहे. काम झालं की मला फक्त दोन आकडे पाठवा, तापमान आणि फेरे. कितीही वाजलेले असोत.

तुमची,
पमी