गेमिंगचे स्टीअरिंग : थरथरणारे की ओढणारे?

महोदय,

रेसिंग गेमसाठी मिळणाऱ्या स्टीअरिंगची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच आकड्याने करून दिली जाते : मोटरची ताकद किती न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे माप). आकडा खोटा नसतो, पण घेणाऱ्याला त्याआधी कळायला हवे ते खोक्यावर बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर अशा वस्तूंची माहिती देताना त्या गोष्टीही छापाव्यात, यासाठी हे पत्र.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कंपन आणि फोर्स फीडबॅक यांच्या घोळात. खऱ्या फोर्स फीडबॅकमध्ये मोटर स्टीअरिंगच्या दांड्याला गिअरने, पट्ट्याने किंवा थेट जोडलेली असते आणि गेमच्या हुकमाप्रमाणे ती स्टीअरिंग डावीउजवीकडे ओढते. अनेक स्वस्त मॉडेलांत मात्र साध्या कंट्रोलरमध्ये असते तशी थरथरणारी छोटी मोटर तेवढी असते. स्टीअरिंग मध्यावर आणण्याचे काम स्प्रिंग किंवा रबरी दोरी करते, त्यामुळे गाडी 20 च्या वेगात असो वा 200 च्या, ओढ तीच. ओळखायचे कसे? स्टीअरिंग जेमतेम 180 किंवा 270 अंश फिरत असेल आणि सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर नसेल, तर बहुधा ते फक्त थरथरणारे आहे. फोर्स फीडबॅकवाले साधारण 900 अंश किंवा त्याहून जास्त फिरते आणि सुरू केल्यावर सहसा स्वतःच दोन्ही टोकांना जाऊन मध्यावर येते.

या ओढीचा उपयोग काय, हे नीट सांगितलेच जात नाही. वळणात पुढची चाके वळली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळला जातो. त्या पिळातून चाके सरळ करू पाहणारा जोर तयार होतो, आणि चाकांच्या बसणीतला कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) त्यात भर घालतो. हा जोर टायरची पकड कमाल होण्याच्या जरा आधीच कमाल गाठतो आणि मग उतरू लागतो. म्हणजे वळणात जड होत गेलेले स्टीअरिंग एकाएकी किंचित सैल वाटले, तर पुढचे टायर पकड सोडण्याच्या बेतात आहेत. तिथे स्टीअरिंग आणखी वळवले की गाडी सरळ बाहेर जाते; थोडे सोडले की पुन्हा वळते. पडद्यावर हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हाताला आधी कळते.

आणि नेमकी हीच सूचना चुकीच्या सेटिंगमुळे मारली जाते. साधारण 2 न्यूटन-मीटरच्या स्टीअरिंगला गेममध्ये जोर पूर्ण वाढवून दिला, तर वेगवान वळणात गेम मागेल तेवढा जोर मोटरला देताच येत नाही. ती कमाल मर्यादेला चिकटून बसते आणि वरचा सगळा चढउतार सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. काही गेम पडद्यावर जोराची पट्टी दाखवतात. लांब, वेगवान वळणात ती सतत टोकाला टेकत असेल, तर ती टेकायची थांबेपर्यंत गेन, म्हणजे गेममधली एकूण जोराची सेटिंग, थोडी थोडी उतरवावी. ग्रान टुरिस्मो 7 या गेममध्ये हे काम ‘मॅक्स टॉर्क’ आणि ‘सेन्सिटिव्हिटी’ या दोन सेटिंगांवर होते. गिअरवाल्या स्टीअरिंगमध्ये उलटी अडचणही असते : बारीक जोर आतल्या घर्षणातच जिरतात आणि मध्यावर काही जाणवत नाही. त्यासाठी मिनिमम फोर्स, म्हणजे मोटर देईल तो किमान जोर, वाढवायचा, पण सरळ रस्त्यावर स्टीअरिंग खडखडू लागले की एक पायरी मागे यायचे.

कन्सोलची बाब थोडक्यात, पण ती चुकली तर सगळेच वाया. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही परवानाधारक उपकरणेच ओळखतात. लॉजिटेकची जी29 आणि जी920 ही जवळपास जुळी भावंडे. पहिले प्लेस्टेशनचे, दुसरे एक्सबॉक्सचे, संगणकावर दोन्ही चालतात. फॅनाटेक या कंपनीच्या स्टीअरिंगमध्ये प्लेस्टेशनची ओळख मोटरच्या बेसमध्ये असते, तर एक्सबॉक्सची वर बसणाऱ्या रिममध्ये. त्यामुळे तिथे दोन्ही भाग तपासूनच घ्यावे लागतात.

मोटरपेक्षा ब्रेकच्या पेडलवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. साध्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, तो पेडल किती खाली गेले ते मोजतो. महागड्या पेडलमधला लोड सेल हा सेन्सर पायाचा दाब मोजतो, आणि पायाला अंतरापेक्षा दाब जास्त अचूक लक्षात राहतो. एकाच जागी एकसारखा ब्रेक लागू लागला की फेरीची वेळ आपोआप सुधारते. पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेली की पाय स्थिर असूनही गेममधली पट्टी उड्या मारते. वायर काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, पेडल बऱ्याच वेळा पूर्ण दाबून सोडावे आणि वाळू द्यावे. घरातले तेल त्यात कधीही घालू नये, त्याला आणखी धूळ चिकटते. लोड सेल घेताना एक अट मात्र आहे : पेडल पक्के बांधलेले हवे. गुळगुळीत फरशीवर ते पुढे सरकते, चाकांची खुर्ची मागे जाते, आणि दाब मोजण्याचा अर्थच उरत नाही. टेबलाचेही तसेच. पातळ फळीला स्टीअरिंग आवळले, तर बारीक धक्के फळीच खाते.

दुरुस्तीला जाणाऱ्या स्टीअरिंगांपैकी काहींत बिघाड नसतोच. बटणे चालतात पण ओढ नाही, तर आधी अडॅप्टरची पिन पाहावी. अनेक मॉडेलांत बटणांना यूएसबीचीच वीज पुरते. मध्य सरकलेला वाटला, तर सुरू होताना कोणी स्टीअरिंग धरले होते का ते आठवावे, आणि हात न लावता पुन्हा सुरू करावे. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर ते डावीउजवीकडे झुलत असेल, तर डॅम्पिंग (झुलणे आवरणारी सेटिंग) थोडे वाढवावे. बराच वेळ खेळल्यावर जोर कमी होतो, तो मोटर तापल्यामुळे. मागच्या जाळीला हवा मिळू द्यावी.

थेट मोटरवर बसणारी डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग आता कन्सोलसाठीही मिळतात. फॅनाटेकचे सीएसएल डीडी 5 न्यूटन-मीटरचे आहे आणि मोठा पॉवर सप्लाय जोडल्यावर 8 चे. लॉजिटेकचे जी प्रो 11 चे. हा जोर मनगट मुरगळू शकतो. अंगठे स्टीअरिंगच्या आऱ्यांच्या आत अडकवू नयेत, ते कड्यावरच टेकवावेत, आणि गेममध्ये गाडी भिंतीवर जाणार असे दिसले की हात सोडून द्यावेत. घरात मुले खेळणार असतील, तर जोर गेममधून नव्हे, स्टीअरिंगच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच कमी करून ठेवावा, म्हणजे गेम बदलला तरी तो वाढत नाही.

— एक वाचक