सेशेल्सची सहल जुलैत नको, एप्रिलात किंवा दसऱ्याच्या सुट्टीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या शीडनौका सहलींच्या जाहिराती बेळगावकरांपर्यंतही पोचतात. इकडे पाऊस, तिकडे कोरडे ऊन, असे सांगून जुलै-ऑगस्टचे आरक्षण गळ्यात मारले जाते. ऊन असते हे खरे, पण वाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. हेच वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्या जांबोटी-कणकुंबीवर कोसळतात. जुलै-ऑगस्टात त्यांचा वेग बऱ्याचदा २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या पुढे जातो. माहे ते प्रालँ या तिथल्या दोन बेटांमधले अंतर सुमारे २५ सागरी मैल. नौका ईशान्येला निघालेली, वारा आग्नेयेचा. त्यामुळे लाट सतत कुशीवर येते. चार-साडेचार तास असे हेलकावे खाल्ले की ज्यांना कधी बोट लागत नाही त्यांनाही लागते.

ऋतू पालटतो तेव्हा, म्हणजे एप्रिलात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वारा मंदावतो, समुद्र निवळतो आणि पाण्याखालचे स्वच्छ दिसते. कर्नाटकातल्या शाळांची उन्हाळ्याची आणि दसऱ्याची सुट्टी नेमकी याच सुमारास पडते. वारा अगदीच पडला तर इंजिन चालवावे लागते, डिझेलचा खर्च वाढतो. मुले आणि वडीलधारी बरोबर असतील तर तो आनंदाने सोसावा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, मात्र प्रवासाची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते.

नौका दोन समांतर तळांची, म्हणजे कॅटामरान घ्यावी. ४०-४२ फुटी नौकेत बहुधा चार केबिन असतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. नौका हाकण्याचा परवाना आपल्याकडे नसेल तर स्किपर, म्हणजे नौका हाकणारा, बरोबर घ्यावाच लागतो. एक केबिन त्याची आणि त्याचे जेवणही आपल्याकडे. म्हणजे उरलेल्या तीन केबिनांत दोघे-दोघे धरून आपली माणसे सहाच. पैसे भरण्याआधी गोड्या पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारा. माणशी रोज २० लिटर धरले तर स्किपरसह सात जणांना १४० लिटर लागतात, म्हणजे ३०० लिटरची टाकी दोन दिवसांत रिकामी. खारे पाणी गोडे करणारे यंत्र नौकेवर असेल तर उत्तम. नसेल तर अंघोळ समुद्रात आणि शेवटी अंगावर दोन तांबे गोडे पाणी. नौकेवरच्या संडासाच्या नळ्या अरुंद असतात, त्यात कागद टाकू नये. त्या तुंबल्या की सगळ्यांचाच मुक्काम नासतो.

‘अजून तासभर थांबू’ असा आग्रह स्किपरला करू नये, ही कळकळीची विनंती. पाण्याखालचे प्रवाळ नौकेला लागू नये म्हणून ते डोळ्यांना दिसावे लागते, आणि त्यासाठी सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी लागतो. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ चांगली. संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि लगेच अंधार पडतो. बहुतेक करारांत रात्री नौका हाकायला मनाई असते, ती याचसाठी. नांगर नेहमी फिकट दिसणाऱ्या वाळूत टाकावा. गडद दिसते तिथे प्रवाळ किंवा शेवाळ असते. खोली ६ मीटर असेल तर किमान ३० मीटर साखळी सोडावी. साखळी लांब असली की तळावर आडवी पडते आणि ओढ आडवी बसल्याने नांगर वाळूत रुततो. आखूड राहिली तर ओढ वरच्या दिशेने बसते, नांगर उपटतो आणि नौका घसरू लागते. साखळी सोडून झाली की इंजिन थोडे मागे चालवून नांगर बसवतात. मग किनाऱ्यावरची एकामागे एक दिसणारी दोन झाडे नजरेत धरून ठेवावीत. ती एकमेकांपासून सरकू लागली की समजावे, नांगर धरलेला नाही.

जेवायला डिंगीने, म्हणजे नौकेबरोबरच्या छोट्या होडीने, किनाऱ्यावर गेलात तर ती ओल्या वाळूच्या वर ओढून झाडाला बांधा. उधाणाला भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरचा फरक पडतो. नुसती वाळूवर टाकलेली डिंगी जेवण होईतो वाहून जाते.

या सहलीतले जेवण किनाऱ्यावरच घ्यावे असे आमचे ठाम मत आहे. हॉटेलांपेक्षा दुपारी डब्यात भरून देणारी छोटी दुकाने स्वस्त आणि चवीलाही सरस. ऑक्टोपसची करी जरूर खावी. तो आधी ठेचून मंद आचेवर मऊ होईतो शिजवतात, मग मसाला, दालचिनीची पाने आणि नारळाचे दूध. कुठे वांगेही घालतात. घाईने केलेला असला तर रबरासारखा लागतो. ‘बुर्झ्वा’ हा तांबडा मासा आले-लसूण-मिरची लावून निखाऱ्यावर भाजतात. नीरफणसाच्या तळलेल्या कापा कोकणी जिभेला नव्या नाहीत, पण तोच फणस नारळाच्या दुधात साखर आणि जायफळ घालून शिजवलेला एकदा खाऊन पाहावा. शाकाहारींसाठी भात, मसूर आणि कच्च्या पपईची ‘साटिनी’, म्हणजे चटणी, असते. मात्र प्रत्येक साटिनी शाकाहारी समजू नये. एका साटिनीत उकडून कुस्करलेली मुशी (शार्क मासा) आणि बिलंबी हे आंबट फळ असते. मसुरातही मांसाचा तुकडा नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.

प्रालँजवळच्या क्युरिएझ बेटाभोवतीचा समुद्र १९७९पासून संरक्षित सागरी उद्यान आहे. तिथे प्रवेश शुल्क भरावे लागते आणि गळ टाकायला बंदी आहे. प्रालँवर दर्याचा नारळ (कोको द मेर, तिथला जोडनारळ) विकत घेतलात तर त्याचा परवाना मागून घ्या, नाहीतर तो विमानतळावर जप्त होतो. छोट्या दुकानांत रोख सेशेल्स रुपयेच चालतात असे धरून चला. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून तांदूळ, अंडी, भाजी आणि पिण्याचे पाणी शनिवारी दुपारीच नौकेवर चढवून ठेवावे.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील काही शीडनौका-प्रेमी