अग्रशाळा आठवड्यातून एक सकाळ ज्येष्ठांना द्या

मा. संपादक,

वर्धापनदिनी ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देणारी देवस्थाने गोव्यात पुष्कळ आहेत. शाल कपाटात जाते. २०११च्या जनगणनेतच राज्यातले ११ टक्क्यांहून अधिक लोक साठीपुढचे होते, आणि मुले परगावी गेलेली घरे वाड्यावाड्यावर आहेत. तिथल्या ज्येष्ठांना आठवड्यातली एक ठरलेली सकाळ हवी आहे.

जागा आहेच. जत्रा आणि लग्नकार्ये सोडली तर देवळांच्या अनेक अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरण्यासाठी आवारात बांधलेल्या इमारती, आडवारी रिकाम्या असतात. हात असलेल्या चार-पाच खुर्च्या, रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर एवढ्यावर सुरुवात होते. रक्तदाब मात्र आल्या आल्या मोजू नये, पायऱ्या चढून आलेल्याचा आकडा वाढलेलाच दिसतो. पाठ टेकवून पाच मिनिटे बसवावे, मग मोजून तारखेसह वहीत लिहावे.

खरी चूक होते ती महाप्रसादाला. आरती आटोपून पंगत बसेपर्यंत दीड-दोन वाजतात. सकाळी इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेतलेल्या आजींना तोवर घाम फुटतो, हात थरथरू लागतात. सगळे म्हणतात, उकाडा आहे. प्रत्यक्षात साखर उतरलेली असते. नैवेद्याआधी ताट वाढणे पटत नसेल तर अकरालाच वाटीभर पेज द्यावी, आणि वाढप्यांच्या हाताशी साखरेचा डबा असावा.

जे देवळापर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांचे काय? चर्चच्या अनेक पॅरिशमध्ये (धर्मविभागांत) महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन कुमगार (ख्रिस्तप्रसाद) दिला जातो, म्हणजे अशा घरांची यादी तिथे तयार असते. शिगम्यात मेळ दारोदार फिरतोच; तशी वाडावार यादी देवस्थान समित्यांनाही करता येईल. नाव, चालू औषधे, शेजाऱ्याचा फोन, आणि हयातीच्या दाखल्याची तारीख. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी हा दाखला दरवर्षी लागतो. तो राहिला की मानधन थांबते, आणि हे कळते बँकेत गेल्यावर. डिजिटल दाखल्यात झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, तिथे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय वापरावी.

यादी कुलपात ठेवावी. स्वयंसेवकांनी कुणाचे पासबुक किंवा एटीएमचा पिन हाती घेऊ नये. घरात छळ होत असल्याचा संशय आला तर समितीत चर्चा करत बसण्यापेक्षा १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर फोन करावा.

— ज्येष्ठांसाठी काम करणारे स्वयंसेवक, फोंडा